कॅन्सरच्या फाइलीत मनाचा कागद

आईच्या तिसऱ्या केमोच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?" आई म्हणाली, "बरंय." डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, पांढऱ्या पेशी पुरेशा होत्या, त्यांनी सही केली आणि पुढचा पेशंट आत आला. त्याआधीचे बारा दिवस आई रात्री तीन तासही सलग झोपली नव्हती. दुपारी कापूस पिंजून, राखेचं बोट लावून वाती वळत बसायचं, हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. त्या बारा दिवसांत ती कापसाचा पुडा मांडीवर घेऊन नुसती बसून असायची. संध्याकाळी पुडा होता तसा परत फडताळात जायचा. मला हे सगळं दिसत होतं. पण बाहेर साठ-सत्तर माणसं ताटकळली होती, आणि वाती वळणं थांबलंय ही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे असं मला वाटलंच नाही.

ती सांगायची गोष्ट होती, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून हे लिहिते आहे. कॅन्सरच्या उपचारांत मनासाठीही मदत मिळते. ती कोण देतं, कुठे मिळते, तिथे नेमकं काय होतं आणि ती कशी मागायची, हे आम्हाला पहिल्या चार महिन्यांत कुणीही सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. विचारायला आधी ती असते हे माहीत असावं लागतं.

आधी एक गोंधळ दूर करते. इस्पितळात "काउन्सेलिंग झालं का?" असं विचारतात, तेव्हा बऱ्याचदा त्याचा अर्थ वेगळाच असतो. केमोचे दुष्परिणाम समजावले का, खर्चाचा अंदाज दिला का, संमतीपत्रावर सही झाली का, हे त्यांना विचारायचं असतं. तेही गरजेचंच. पण ते माहिती देणं झालं. मनाचं समुपदेशन म्हणजे कुणीतरी तुमचं ऐकायला बसणं. त्यामुळे मदत मागताना नुसतं "काउन्सेलिंग हवंय" म्हणू नका. "झोप नाही, सारखं रडू येतंय, मनासाठी कुणाशी तरी बोलायचंय" असं स्पष्ट सांगा.

आता प्रश्न येतो, किती त्रास झाला की मदत घ्यायची? कॅन्सर झाल्याचं कळल्यावर घाबरणं, रडणं, चिडणं, देवावर रागावणं हे सगळं होणारच. पहिले काही दिवस माणूस सुन्न असतो, कानावर पडलेलं डोक्यात शिरत नाही. हळूहळू तारखा ठरतात, उपचार सुरू होतात, आणि बहुतेकांचं मन थोडं थाऱ्यावर येतं. ज्यांचं येत नाही, त्यांच्याकडे लक्ष द्यायला हवं. नेहमीच्या नैराश्यात भूक मरते, वजन उतरतं, थकवा येतो. पण कॅन्सर आणि केमोनेही हेच होतं, त्यामुळे या खुणांवरून काही ठरवता येत नाही. म्हणून जाणकार दुसरीकडे बघतात. आवडीच्या गोष्टीतला रस गेलाय का? नातवंड मांडीवर आलं तरी चेहरा हलत नाही का? "मी सगळ्यांवर ओझं झाले" हे वाक्य पुन्हा पुन्हा येतंय का? असं दोन आठवडे रोज चालू असेल, तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. वातींचा पुडा तसाच राहतोय, हे या यादीत बरोब्बर बसलं असतं.

हे मोजायचं एक साधं साधनही आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग इस्पितळात १९७७ साली जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी कॅन्सरच्या रुग्णांसाठी मनोविकार विभागाचं काम सुरू केलं. कॅन्सर आणि मन यांचा एकत्र विचार करणारी जी शाखा आज जगभर आहे, तिची पायाभरणी करणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात. त्यांच्या लक्षात आलं, की 'मानसिक आजार' म्हटलं की माणूस अंग चोरून घेतो. 'त्रास' म्हटलं की मात्र बोलतो. मग थर्मामीटरचं चित्र असलेला एक कागद आला. खाली शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, वर दहा म्हणजे सहन होण्यापलीकडचा. गेल्या आठवड्यात तुमचा आकडा किती? शेजारी त्रासांची यादी असते: पैसे, प्रवास, मुलं, झोप, दुखणं, भीती, श्रद्धेविषयीचे प्रश्न. त्यावर खुणा करायच्या. आकडा चार किंवा त्याहून वर असेल, तर पुढची चौकशी करायची.

मला हा कागद फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे "बरंय" हे उत्तर नाही, रीत आहे. पाहुण्याला म्हणतो, तसंच डॉक्टरला म्हणतो. "कसं वाटतंय" विचारलं की बरंयच येणार. पण "शून्य ते दहात किती?" विचारलं, की माणसाला क्षणभर खरंच आत बघावं लागतं. आईने पहिल्यांदा सांगितला तो आकडा आठ होता. मी तीन-चार धरून चालले होते.

हा आकडा तिला विचारला दुसऱ्या इस्पितळातल्या समुपदेशक मॅडमनी. तिथे पोचलो तेही योगायोगाने. धर्मशाळेतल्या शेजारच्या खोलीतल्या ताईंनी सांगितलं, "समाजसेवा विभागात जा, मला तिथूनच पाठवलं होतं."

या समाजसेवा विभागाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक मदतीचा दरवाजा तोच आहे. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर इस्पितळात तो आहे आणि सरकारी रुग्णालयांत 'समाजसेवा अधीक्षक' या नावाने माणूस बसतो. लोकांना वाटतं, हे फक्त पैशांसाठी. पैशांसाठी तर आहेतच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद, ट्रस्टची मदत, रेल्वेच्या सवलतीचा दाखला, राहायची सोय, हे सगळं तिथून हलतं. परळला नाना पालकर स्मृती समिती, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा, आणि लहान मुलं असतील तर आईबापांसकट राहायला सेंट ज्यूडची केंद्रं, अशा जागांचे पत्ते आणि पत्रं तिथे मिळतात. पण माझ्या मते हीसुद्धा मनाचीच मदत आहे. रात्री झोपायला जागा नसलेल्या माणसाला दीर्घ श्वास घ्यायला शिकवून काय उपयोग? आईच्या आठपैकी किमान दोन आकडे तरी 'गहाण ठेवलेल्या बांगड्या सोडवायच्या कशा' याचे होते. योजनेतून पुढच्या केमो बसल्या त्या दिवशी ती स्वतःहून जेवली.

त्यापुढची माणसं कोण, ते थोडक्यात. समुपदेशक तुमच्याशी बोलतात, अडचणीची उकल करायला मदत करतात, गोळ्या देत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं शिक्षण त्याहून खोल असतं. तेही गोळ्या देत नाहीत, पण भीतीचे झटके, जुने आघात, नैराश्य यांवर ठरावीक पद्धतीने बैठका घेतात. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हे एमडी झालेले डॉक्टर. औषधं तेच लिहितात. "मला सायकियाट्रिस्टकडे पाठवलं म्हणजे मी वेडी झाले का?" हे आईनेही विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, "काकू, तुम्हाला हृदयाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं होतं ना केमोच्या आधी? इको काढायला? तसंच हे." तेवढं तिला पुरलं.

पहिल्या बैठकीत काय होतं? आमची पाऊण तास चालली. अर्धा वेळ आई एकटी, मग मी. झोप कशी, घरी कोण कोण, आजाराबद्दल काय सांगितलंय, सगळ्यात जास्त भीती कशाची, असे साधे प्रश्न. "तुम्ही बोललेलं तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगणार नाही" हे मॅडमनी आधीच स्पष्ट केलं. अपवाद एकच: जिवाला धोका असेल तर. आणि एक गोष्ट त्यांनी मिनिटभरात पकडली, जी आमच्या चार महिन्यांत कुणाच्या लक्षात आली नव्हती. केमोबरोबर उलटी होऊ नये म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. आई त्या रात्री जेवल्यावर घ्यायची. स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड होते, कुणाकुणाचं मन आधी उसळतं आणि गोळी बंद झाली की खाली कोसळतं. त्यांनी डॉक्टरांना चिठ्ठी दिली, डॉक्टरांनी वेळ बदलून सकाळची केली. चौथ्या केमोनंतर आई पाच तास झोपली.

म्हणून मनाचा त्रास सांगताना शरीराचं विसरू नका. हिमोग्लोबिन फार उतरलं तरी माणूस मलूल होतो. मानेला रेडिएशन दिल्यावर काही महिन्यांनी थायरॉइड मंदावू शकतो आणि तो हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो. दुखणं आटोक्यात नसेल तर कुणाचंच मन शांत राहत नाही, तिथे आधी वेदनेचं औषध नीट लागायला हवं. आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना ते नाव न विसरता सांगा. पॅरॉक्सेटीन, फ्लुओक्सेटीन यांसारख्या नैराश्यावरच्या काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचं शरीरातलं काम अडवतात. त्याऐवजी दुसऱ्या गोळ्या असतात. फक्त फाइल सोबत न्यायची, संपूर्ण.

गोळ्यांची भीती सगळ्यांनाच असते, सवय लागेल म्हणून. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी नशा किंवा चटक लागत नाही. पण त्या लागू पडायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून एकदम तोडायच्या नसतात, डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करायच्या असतात. झोपेच्या गोळ्यांची सवय मात्र लागू शकते. म्हणून शेजाऱ्याची गोळी मागून घेऊ नये.

समुपदेशनात नुसतं बोलणंच असतं असंही नाही. दोन-तीन केमोनंतर काही जणांना इस्पितळाचा वास आला, बस परळच्या पुलाखाली वळली, तरी उलटी येते. औषध अजून नसेत गेलेलंही नसतं. यात नाटक काही नाही. मेंदूने तो वास आणि ती मळमळ यांची गाठ मारलेली असते. स्नायू सैल सोडायचे व्यायाम, श्वासाची लय, लक्ष दुसरीकडे वळवायच्या युक्त्या शिकवून ही गाठ सैल करता येते. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनच्या वेळी चेहऱ्यावर घट्ट जाळीदार मुखवटा बसवतात, टेबलाला खिळवतात. कितीतरी धडधाकट माणसं तिथे घाबरून उठून बसतात. लाजू नका, आधीच सांगा. मुखवट्याची सवय करून घेता येते, मध्ये थांबायची खूण ठरवता येते.

आपल्याकडे तोंडाचे कॅन्सर खूप, आणि त्यांच्या मागे बहुतेकदा तंबाखू, गुटखा, मशेरी. या रुग्णांच्या मनावर एक वेगळं ओझं असतं: "माझ्याच हाताने केलं." घरचेही बोलून दाखवतात. ऑपरेशननंतर चेहरा बदलतो, बोलणं अस्पष्ट होतं, जेवताना लाळ गळते म्हणून माणूस पंगतीला बसत नाही. अशा वेळी अपराधाची उजळणी करून काय मिळणार? तंबाखू सोडायला मदत हवी, टोमणे नकोत. आणि एवढं तर कुणालाच सांगायला लागू नये, पण लागतं: कॅन्सर ताटावाटीतून पसरत नाही. पेशंटचं ताट वेगळं ठेवू नका.

सगळ्यात अवघड गाठ आपल्या घराघरांत असते. "त्यांना काही सांगू नका, धसका घेतील." मुलगा डॉक्टरांना आधी गाठून हे सांगतो. बाबांना केव्हाच कळलेलं असतं, इस्पितळाच्या पाटीवर नाव लिहिलेलं असतं. पण मुलाला त्रास नको म्हणून तेही गप्प. दोघं एकाच खोलीत, एकमेकांपासून लपवत, एकेकटे घाबरलेले. यात प्रेमच असतं, हे मला मान्य आहे. पण यात बाबांना जमिनीची वाटणी करता येत नाही, बहिणीला भेटायचं राहतं, मनातलं विचारता येत नाही. समुपदेशक अशा वेळी एकदम सगळं सांगून टाकत नाहीत. ते आधी पेशंटला विचारतात, "तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायला आवडेल? तुम्हालाच सांगू, की मुलाला?" काहीजण म्हणतात, "सगळं सांगा." काहीजण खरोखरच म्हणतात, "पोराशी बोला." दोन्ही उत्तरं बरोबर. फक्त ते पेशंटने द्यायला हवं. लहान मुलांनाही त्यांच्या वयाला झेपेल एवढं खरं सांगावं. आई कुठे जाते, केस का गेले, आणि मुख्य म्हणजे हे तुझ्या खोडीमुळे झालेलं नाही. मुलं मनात नेमकं तेच धरून बसतात.

जवळचे लोक आणखी एक गोष्ट करतात, अगदी मनापासून. "पॉझिटिव्ह राहा, खंबीर राहा, तू लढवय्यी आहेस." ऐकणाऱ्याला मग रडायचीही चोरी होते. आईला तर वाटायला लागलं होतं की आपण रडलो तर गाठ वाढेल. जिमी हॉलंड यांनी या सक्तीच्या आशावादाविरुद्ध आवर्जून लिहिलं आहे. रडल्याने कॅन्सर वाढत नाही, आणि हसत राहिलं नाही म्हणून केमो हरत नाही. मनाला मदत घ्यायची ती झोप यावी, औषधं वेळेवर घेतली जावीत, दिवस सुसह्य व्हावा यासाठी. तेवढं कारण भरपूर आहे.

कधीकधी सगळ्यात मोठा धीर डॉक्टरांपेक्षा त्या वाटेने गेलेल्या माणसाकडून मिळतो. वंदना गुप्ता यांनी स्वतः कॅन्सरमधून बरं झाल्यावर १९९४ साली मुंबईत व्ही केअर फाउंडेशन सुरू केलं. तिथले कित्येक स्वयंसेवक पूर्वीचे रुग्ण आहेत. पोटावर पिशवी लावावी लागलेल्यांसाठी ऑस्टॉमी असोसिएशन आहे. पिशवी लावून लोकलने प्रवास करणारा माणूस समोर येऊन बसला, की दहा पत्रकांचं काम होतं. मात्र रुग्णांच्या व्हॉट्सॲप गटांत एक काळजी घ्या. तिथे आधार मिळतो, तशीच "केमो सोडून अमुक काढा घ्या" अशी पोस्टही येते. ती आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही करू नका.

मुंबईपासून लांब राहणाऱ्यांनी काय करायचं? सरकारची 'टेलिमानस' ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. कॅन्सरचंच असायला हवं असं नाही, मन घाबरं झालं एवढं कारण चालतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथल्या डॉक्टरांना कॅन्सरची फाइल दाखवा. आणि जिथे बसाल तिथे मराठीत बोलायला मागा. परळला देशभरातून माणसं येतात, त्यामुळे समोरचा हिंदीत सुरुवात करतो, पण भीतीबद्दल बोलायला आपलीच भाषा लागते.

पॅलिएटिव्ह केअर हे नाव ऐकून पळू नका. लोकांना वाटतं, आता काही उरलं नाही म्हणून तिकडे पाठवतात. हा विभाग वेदना, झोप, मळमळ, भीती आणि घरच्यांची दमछाक हे सगळं एकत्र बघतो आणि चालू उपचारांबरोबरही बघतो. अमेरिकेत फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांवरचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना ही सेवा सुरुवातीपासून मिळाली, त्यांच्यात नैराश्य कमी होतं, आणि ते सरासरीने जास्त काळ जगलेही. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून हे काम मोफत करतं. आजार शेवटच्या टप्प्यावर असेल, तर वांद्र्याचं शांती आवेदना सदन आहे. १९८६ साली सुरू झालेलं ते देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांत रुग्णाचा सांभाळ करणारी जागा. गोव्यात लोटलीलाही त्यांची जागा आहे.

एक गोष्ट घाईने सांगायची नाही. "आता नको झालंय" असं पेशंट म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा तो थकलेला असतो. पण कधी त्यात मरण्याचा विचार असतो. सरळ विचारा, "जीव संपवावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं, तर माणसाला एकटं सोडू नका, वेदनेसाठी दिलेलं मॉर्फिन आणि झोपेच्या गोळ्या स्वतःकडे घ्या, शेतीचं घर असेल तर फवारणीची औषधं कुलपात टाका, आणि १४४१६ किंवा तातडीच्या मदतीच्या ११२ ला त्याच क्षणी फोन करा.

सोबतीच्या माणसासाठीही हे सगळं खुलं आहे. माझा स्वतःचा आकडा मला त्या बैठकीच्या शेवटी विचारला गेला. मी म्हणाले, "माझं काय, मी बरी आहे." मॅडम काही बोलल्या नाहीत, कागद माझ्याकडे सरकवला. मी सातवर खूण केली आणि मग तिथेच रडले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

आईचे उपचार संपून तीन वर्षं झाली. उपचार संपले की भीती संपत नाही, हेही आधी माहीत असलेलं बरं. रोजचं इस्पितळ सुटतं, आजूबाजूचे म्हणतात आता विसरा, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी जवळ आली की पोटात गोळा येतो. आमच्याकडे आता फोनवर "बरंय" चालत नाही. परवा मॅमोग्राफीच्या आदल्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. "आज सहा आहे गं," म्हणाली, आणि मी संध्याकाळची एसटी धरली. पोचले तेव्हा ती अंगणात बसून वाती वळत होती. अर्धा कापूस तिने माझ्याकडे दिला.